युद्धस्मृतीच्या खासगी टांकसाळी

पदक म्हटले की राज्यसंस्था डोळ्यांसमोर येते. रणांगणावर कोणी काय केले याची नोंद वरिष्ठ अधिकारी करतात, ती राजपत्रात छापली जाते आणि मग सैनिकाच्या छातीवर धातूची एक चकती व रंगीत फीत झळकते. हा सन्मान राज्याने द्यावा आणि राज्यानेच नाकारावा, अशी ही रूढ व्यवस्था आहे. परंतु या व्यवस्थेच्या शेजारी, आणि पुष्कळदा तिच्याही आधीपासून, पदकांचा एक दुसरा व्यवहार चालत आलेला आहे. कोणा कारागिराने, व्यापाऱ्याने, शहराच्या महापौराने अथवा एखाद्या निधी समितीने युद्धाच्या स्मरणार्थ पदके पाडावी, ती वाटावी किंवा दुकानात विकावी, असा हा व्यवहार आहे. या पदकांना राजमान्यता नसते. त्यातील बहुसंख्य पदके छातीवर लावण्यासाठी नसतातच. ती हातात घेऊन पाहण्यासाठी, पेटीत जपून ठेवण्यासाठी असतात. आणि तरीही युरोप-अमेरिकेत अशी पदके जमविणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे, त्यांच्या सूची आहेत, लिलाव आहेत आणि वादही आहेत.

हा छंद वरवर पाहता निरुपद्रवी, काहीसा ऐषारामी वाटतो. परंतु त्याकडे इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. सरकारी पदकावरून कोण कोठे लढला हे कळते. खासगी पदकावरून, त्या युद्धाची कोणती हकिगत घरी बसलेल्या माणसांना विकली गेली आणि त्यांनी ती कोणत्या भावाने विकत घेतली, हे कळते. ही हकिगत पुष्कळदा अर्धसत्य असते, कधी सपशेल खोटी असते. म्हणूनच ही पदके जपून ठेवली पाहिजेत आणि म्हणूनच ती डोळे उघडे ठेवून वाचली पाहिजेत.

बातमीच्या पुढे धावलेली पदके

याचे सर्वांत बोलके उदाहरण अठराव्या शतकातील इंग्लंडचे आहे. १७३९ मध्ये इंग्लंड आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटले. अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्नन हा खलाशी तर होताच, पण पंतप्रधान वॉल्पोल यांच्या विरोधातील एक संसदपटूही होता. पनामाच्या किनाऱ्यावरील पोर्टोबेलो हे स्पॅनिश बंदर आपण केवळ सहा जहाजांनिशी घेऊन दाखवू, अशी त्याची बढाई होती. आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ती त्याने खरी करून दाखविली. ही बातमी १७४० च्या वसंत ऋतूत लंडनला पोहोचली तेव्हा एकच जल्लोष झाला. लंडनमधील आजचा पोर्टोबेलो रस्ता त्या विजयाचे नाव अजून मिरवीत आहे. वॉल्पोल यांच्यावर नाराज असलेल्या व्यापारीवर्गाला आयताच एक नायक मिळाला आणि कारागिरांना गिऱ्हाईक मिळाले. सोन्यासारखी दिसणारी तांबे-जस्ताची मिश्रधातू तेव्हा नव्यानेच लोकप्रिय झाली होती. तिच्यात व्हर्ननची छबी असलेली स्वस्त पदके शेकडो प्रकारांनी निघाली. सहाच जहाजांनिशी पोर्टोबेलो घेतल्याचा अभिमानपूर्वक उल्लेख त्यांच्यावर कोरलेला असे. कोणत्याही टांकसाळीचा वा मंत्र्याचा त्यात हात नव्हता. ही सारी बाजाराची करणी होती.

बाजार मात्र विजयावर थांबत नाही, त्याला पुढचा विजय हवा असतो. १७४१ मध्ये व्हर्ननने आजच्या कोलंबियातील कार्ताहेना या बलाढ्य बंदरावर स्वारी केली. बंदराबाहेरील किल्ले पडताच त्याने विजयाची वार्ता घाईने मायदेशी धाडली. लंडनमध्ये पुन्हा दिवाळी साजरी झाली आणि पुन्हा पदके निघाली. त्यांच्यावर स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो हा व्हर्ननपुढे गुडघे टेकून आपली तलवार देत असल्याचे दृश्य होते आणि इंग्रज वीरांनी एप्रिल १७४१ मध्ये कार्ताहेना घेतल्याची ग्वाही होती. प्रत्यक्षात कार्ताहेना पडलेच नाही. इंग्रजांचा मुख्य हल्ला फसला, पीतज्वराने हजारो माणसे मेली आणि व्हर्ननला माघार घ्यावी लागली. ब्लास दे लेसो याने एक पाय आणि एक डोळा पूर्वीच्या लढायांत गमावला होता, त्याचा एक हातही निकामी झालेला होता. पदकावर मात्र तो दोन्ही पायांनी धडधाकट गुडघे टेकताना दिसतो! ज्या कारागिराने ठसा कोरला त्याने ना ते युद्ध पाहिले होते, ना तो शत्रू. गिऱ्हाइकाच्या मनात जे चित्र होते तेच त्याने धातूत उतरविले.

ही पदके खोटी म्हणून टाकून दिली असती तर त्या वेळच्या इंग्लंडचे मन समजण्याचे एक साधन नाहीसे झाले असते. वर्तमानपत्रे मूठभर लोक वाचत होते; पण खिशात बाळगता येणारे, अक्षरओळख नसलेल्यालाही चित्रावरून उमजणारे पदक त्यांच्याहून खालच्या थरापर्यंत पोहोचत होते. तेव्हाच्या लोकमताचा कानोसा घेऊ पाहणाऱ्याला वॉल्पोल यांच्या १७४२ मधील पतनाआधीची ही लाट मंत्रिमंडळाच्या दप्तरापेक्षा या पिवळ्या चकत्यांवर अधिक स्पष्ट दिसते.

सरकार गप्प, व्यापारी उदार

खासगी पदकांचा दुसरा प्रकार याहून वेगळा आहे. राज्याने ज्यांची दखल घेतली नाही त्यांची दखल घेणारी ती पदके होत. १७९८ मध्ये नाईल नदीच्या मुखाशी नेल्सनने फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडविला. सरकारने सुवर्णपदके दिली ती जहाजांच्या कप्तानांना. तोफा ओढणाऱ्या, शिडे चढविणाऱ्या सामान्य खलाशाच्या वाट्याला काहीच आले नाही. तेव्हा नेल्सनचा मित्र आणि हस्तगत केलेल्या जहाजांच्या विक्रीचा दलाल अलेक्झांडर डेव्हिसन याने सुमारे २,००० पौंड पदरमोड करून बर्मिंगहॅमजवळील मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टांकसाळीत पदके पाडून घेतली. कप्तानांना सोन्याची, खालच्या अधिकाऱ्यांना चांदीची, त्याखालच्यांना मुलामा दिलेल्या काशाची आणि खलाशांना साध्या काशाची, अशी ही उतरंड होती. समाजातील पायऱ्या पदकाच्या धातूतही पाळल्या गेल्या. पण निदान शेवटच्या पायरीवरच्या माणसाच्या हातात काहीतरी पडले. या औदार्याच्या कर्त्याचे पुढचे चरित्र मात्र तितकेसे उज्ज्वल नाही. लष्कराला माल पुरविण्याच्या व्यवहारातील लबाडीबद्दल डेव्हिसनला १८०९ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. सरकारी कंत्राटदाराने सैनिकांवर केलेल्या उपकाराकडे किंचित साशंकतेने पाहावे, एवढे त्यावरून सुचते.

१८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईनंतर खुद्द बोल्टन यांनी स्वखर्चाने पदके काढली. खलाशांसाठी ती कथलाच्या मिश्रधातूची होती. वाफेच्या यंत्रावर नाणी पाडणाऱ्या या उद्योजकाच्या कृतीत देशाभिमान किती आणि कारखान्याची जाहिरात किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. बहुधा दोन्ही होते. सरकारचा हात मात्र आखडलेलाच होता. सेनापतीपासून शिपायापर्यंत सर्वांना एकच पदक ब्रिटिश सरकारने प्रथम दिले ते वॉटर्लूच्या १८१५ मधील लढाईसाठी. नाईल आणि ट्रफाल्गार येथे लढलेल्या खलाशांना अधिकृत पदक मंजूर झाले ते १८४७ मध्ये, म्हणजे अनुक्रमे ४९ आणि ४२ वर्षांनी. आणि तेही जे हयात होते व ज्यांनी रीतसर अर्ज केला त्यांनाच. मधल्या काळात मेलेल्या खलाशाच्या घरी पराक्रमाची खूण म्हणून जर काही असेल, तर ते व्यापाऱ्याने दिलेले पदकच होते.

हिंदुस्थानच्या संदर्भात सरकारी आणि खासगी यांच्यातील रेषा आणखीच पुसट होते, कारण येथे लढणारी ईस्ट इंडिया कंपनी ही मुळात भागधारकांची एक व्यापारी संस्था होती. मराठ्यांशी झालेल्या पहिल्या युद्धात गुजरात व पश्चिम हिंदुस्थानात लढलेल्या आणि कर्नाटकात पाठविलेल्या आपल्या देशी पलटणींना कंपनीने १७८४ मध्ये सोन्याचांदीची पदके मंजूर केली. ती कलकत्त्याच्या टांकसाळीत तयार झाली आणि त्यांवर फारसी मजकूर होता. ब्रिटिश सरकारला सामान्य शिपायाची आठवण होण्यापूर्वी तीस वर्षे एका व्यापारी कंपनीला ती झाली, याचे कारण उघड आहे. ज्याच्या निष्ठेवर सारा धंदा उभा होता त्या शिपायाला बांधून ठेवणे हा कंपनीच्या दृष्टीने किफायतशीर खर्च होता. श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील विजयाचे पदक कंपनीने बोल्टन यांच्या त्याच सोहो टांकसाळीतून करून घेतले. त्यावर इंग्रज सिंह टिपूच्या वाघाला लोळवीत असल्याचे चित्र आहे.

पुढे मात्र कंपनीनेही सरकारी दिरंगाईचाच कित्ता गिरविला. असई, अडगाव, खडकी, पुणे, सीताबर्डी, कोरेगाव या आपल्या परिचयाच्या रणभूमींची नावे असलेल्या पट्ट्या ज्या पदकावर लागल्या, ते पदक १८५१ मध्ये निघाले. असईची लढाई १८०३ ची! त्या लढाईतला विशीतला शिपाई तोवर सत्तरीकडे झुकला होता, तोही जगला असेल तर. पदकाला इतका उशीर झाला की त्याचा मानकरी उरत नाही आणि सन्मानाचे केवळ दप्तर उरते. ही पोकळी खासगी टांकसाळ भरून काढते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात किंबर्ली शहर १२४ दिवस वेढ्यात होते. वेढा उठल्यावर तेथील महापौराने रक्षणकर्त्यांना चांदीचे तारे दिले, तेही याच भावनेने. लष्कराने त्यांना मान्यता दिली नाही, म्हणून ते घेणाऱ्यांनी कमी जपले असे नाही.

म्युनिकचे पदक, लंडनच्या प्रती

या सर्व प्रवाहांचा संगम ज्या एका वस्तूत झालेला दिसतो, ते म्हणजे लुसिटानिया जहाजाच्या बुडण्यावरील पदक. खासगी युद्धपदकांच्या संग्रहात इतके प्रसिद्ध आणि इतके गैरसमजांनी वेढलेले दुसरे पदक क्वचितच असेल.

७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने लुसिटानिया या इंग्रज प्रवासी जहाजावर पाणतीर सोडला. अवघ्या १८ मिनिटांत जहाज बुडाले आणि सुमारे १,२०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यात १२८ अमेरिकन नागरिक होते. अमेरिका तेव्हा तटस्थ होती. जहाज सुटण्यापूर्वी वॉशिंग्टनच्या जर्मन वकिलातीने वृत्तपत्रांतून प्रवाशांना धोक्याचा इशारा दिलेला होता. जहाजावर बंदुकीच्या काडतुसांच्या ४,२०० पेट्या होत्या आणि मालाच्या यादीत तशी नोंदही होती. ते जहाज सशस्त्र मात्र नव्हते, आणि त्यावरील स्त्रिया-मुले कोणत्याही यादीनुसार युद्धसामग्री ठरत नव्हती.

म्युनिकमध्ये कार्ल गेट्झ नावाचा एक पदककार होता. युद्धावरील उपहासात्मक पदके तो स्वतःच्या हिमतीवर काढून विकत असे. त्याने या घटनेवर पदक केले. त्याच्या एका बाजूस तोफा आणि विमाने लादलेले जहाज बुडत आहे आणि वर प्रतिबंधित माल नसल्याचे उपरोधिक वचन आहे. दुसऱ्या बाजूस जहाज कंपनीची तिकीटखिडकी असून तिच्यात बसलेला हाडांचा सापळा उतारूंना तिकिटे विकत आहे. रांगेतील एकाच्या हातातील वृत्तपत्रात पाणबुडीच्या धोक्याची बातमी आहे आणि वर ‘धंदा सर्वांहून श्रेष्ठ’ अशा अर्थाचे शब्द आहेत. गेट्झचा रोख स्पष्ट होता. प्रवाशांच्या जिवावर दारूगोळा वाहणारी कंपनीच त्यांच्या मृत्यूला जबाबदार आहे, असे त्याला म्हणायचे होते. बुडालेल्या माणसांबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्याचा उपहास शत्रूच्या नफेखोरीपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. पाणतीर सोडणाऱ्याकडे तो वळत नाही.

पण या पदकावर एक घातक चूक झाली. घटनेची तारीख ७ मे ऐवजी ५ मे अशी पडली. चुकीच्या वृत्तपत्रीय माहितीमुळे असे झाल्याचे गेट्झने पुढे सांगितले आणि तारीख दुरुस्त करून नव्याने पदकेही काढली. परंतु तोवर एक प्रत इंग्रजांच्या हाती लागली होती. ब्रिटिश परराष्ट्र खात्याने तिचे छायाचित्र अमेरिकेला पाठविले आणि १९१६ च्या मे महिन्यात ते तेथील वृत्तपत्रात झळकले. लंडनमध्ये त्या पदकाच्या हुबेहूब प्रती काढण्याचे ठरले. दुकानदारीच्या क्षेत्रातील प्रसिद्ध गृहस्थ गॉर्डन सेल्फ्रिज यांनी त्यात पुढाकार घेतला. सुमारे तीन लाख प्रती निघाल्या. प्रत्येक प्रत छोट्या पुठ्ठ्याच्या पेटीत, सोबत एक पत्रक घालून, एका शिलिंगाला विकली जाई आणि उत्पन्न युद्धात अंध झालेल्या सैनिकांच्या वसतिगृहाला व रेडक्रॉसला मिळे. सर्व प्रती विकल्या गेल्या असे धरले तर ही रक्कम १५,००० पौंड होते.

पत्रकाने पदकाचा अर्थ मात्र पार उलटा केला. जर्मन राज्यकर्त्यांनी या हत्याकांडाचा उत्सव म्हणून पदक काढले, असे ते सुचवीत होते. शिवाय ५ मे ही तारीख म्हणजे जहाज बुडविण्याचा बेत आधीच ठरला होता याचा पुरावाच, असा प्रचार झाला. एका खासगी कारागिराचा धंदा हा एका राष्ट्राचा कबुलीजबाब ठरला. या प्रचाराचा बोभाटा इतका झाला की जानेवारी १९१७ मध्ये बव्हेरियाच्या युद्धखात्याने या पदकाचे उत्पादन बंद करण्याचा व शिल्लक प्रती जप्त करण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. ते काही एका पदकामुळे घडले नाही. त्याची कारणे पुष्कळ मोठी होती. परंतु अमेरिकन मनात जो संताप साठत गेला त्यात या चकतीने आपली भर घातली, हे मान्य करावे लागते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गंमत आढळेल. गेट्झची मूळ पदके काही शेकड्यांतच निघाली असे मानले जाते. शत्रूने काढलेल्या प्रती त्यांच्या कित्येक पटींनी अधिक. एखादा माल त्याच्या उत्पादकापेक्षा प्रतिस्पर्ध्याने शेकडो पट अधिक खपवावा, आणि तोही मूळ उत्पादकाची बदनामी व्हावी म्हणून, असा व्यवहार बाजाराच्या इतिहासात फारसा सापडणार नाही.

गेट्झला यावरून निष्पाप मानण्याचेही कारण नाही. फ्रान्सने ऱ्हाईन नदीच्या प्रदेशात आफ्रिकन सैनिक ठेवले तेव्हा त्याने १९२० मध्ये कृष्णवर्णीयांविषयी अत्यंत हिडीस असे पदक काढले. ज्या हाताने नफेखोरीचा उपहास केला त्याच हाताने वंशद्वेषही तितक्याच कौशल्याने कोरला. खासगी टांकसाळीवर सरकारचा अंकुश नसतो, हे तिचे बळ. पण तिच्यावर विवेकाचाही अंकुश असेलच असे नाही.

संग्राहकाने काय पाहावे

लुसिटानियाच्या पदकातून संग्रहाची सारी शिस्त शिकता येते. पहिली गोष्ट म्हणजे मजकूर अक्षर न् अक्षर वाचणे. मूळ जर्मन पदकावर महिन्याचे नाव जर्मन भाषेत ‘माइ’ असे आहे, तर इंग्रज प्रतीवर अनवधानाने इंग्रजीतील ‘मे’ पडले आहे. हुबेहूब म्हणून विकलेल्या वस्तूची जात एका अक्षरावरून ओळखू येते! दुसरी गोष्ट धातूची. इंग्रज प्रती लोखंडाच्या आहेत, गेट्झच्या पहिल्या प्रती काशाच्या. तांबे हे काडतुसांसाठी हवे असल्यामुळे लांबलेल्या युद्धात जर्मनीतील पदककार लोखंडाकडे वळले. तेव्हा धातूवरूनही त्या वेळच्या टंचाईचा अंदाज येतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नवखा संग्राहक तिच्याकडेच दुर्लक्ष करतो. ती म्हणजे पेटी आणि पत्रक. धातू टिकतो, पुठ्ठा फाटतो, कागद हरवतो. परंतु पत्रक गेले की इंग्रज प्रत म्हणजे गेट्झच्या पदकाची केवळ एक नक्कल उरते. पत्रक असले तर तीच वस्तू युद्धप्रचाराचा पूर्ण पुरावा होते. पुरावाभिलेखात कागदाला जे स्थान आहे ते पदकसंग्रहात या पत्रकाला दिले पाहिजे.

बाजारभावही या विवेचनाला दुजोरा देतो. मूळ जर्मन पदकाला इंग्रज प्रतीच्या कित्येक पट किंमत येते, कारण ते दुर्मीळ आहे. इंग्रज प्रत आजही सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात असते, कारण ती लाखांनी निघाली. पण इतिहासाच्या दृष्टीने या दोघींत श्रेष्ठ कोण? मूळ पदकातून एका माणसाचे मत कळते. तीन लाख प्रतींतून एका देशाने ते मत कसे वापरले हे कळते. दुर्मीळतेने किंमत ठरते, ज्ञानमूल्य ठरत नाही. हा भेद ज्या संग्राहकाला उमगला त्याला थोड्या पैशांत मोठा संग्रह करता येतो.

अशा संग्राहकांचे एक थोर उदाहरण म्हणजे बॅटनबर्गचे प्रिन्स लुई. जन्माने जर्मन राजघराण्यातील हे गृहस्थ कोवळ्या वयात ब्रिटिश आरमारात शिरले आणि सर्वोच्च सेनाधिकाऱ्याच्या पदापर्यंत चढले. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांच्या जर्मन कुळावरून काहूर उठले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांना राजीनामा द्यावा लागला. आयुष्यभर आरमाराची पदके जमविणाऱ्या या माणसाने निवृत्तीतील उमेद त्यांची सूची करण्यात खर्च केली. ब्रिटिश आरमारी पदकांवरील त्यांचा ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि व्हर्ननच्या पदकांचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो चाळावा लागतो. त्यांचा संग्रह ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात आहे. ज्या लोकक्षोभाने त्यांचे पद हिरावले, तशाच जुन्या लोकक्षोभांचे धातूतील अवशेष हा माणूस शांतपणे क्रमांक देऊन नोंदवीत होता. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे त्यांचेच चिरंजीव.

किंमत आणि मोल

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवहाराला नवे वळण लागले. १९६४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या फ्रँकलिन मिंट या खासगी कंपनीने इतिहासातील प्रसंगांवर चांदीच्या पदकांच्या मालिका काढल्या आणि त्या वर्गणी पद्धतीने घरोघर पोहोचविल्या. मर्यादित आवृत्ती, सुबक पेटी, प्रमाणपत्र, अशी सारी सजावट होती. अनेकांनी ती पदके भविष्याची पुंजी म्हणून घेतली. परंतु मर्यादा ही मागणीएवढीच सैल असेल तर तिला दुर्मीळता म्हणत नाहीत. ही पदके पुन्हा विकायला निघालेल्यांना बहुधा घातलेले पैसेही मिळत नाहीत, हे १९७८ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीने चव्हाट्यावर आणले. १९८० च्या प्रारंभी चांदीचे भाव गगनाला भिडले तेव्हा अशी कितीतरी पदके थेट भट्टीत गेली. इतिहास म्हणून विकत घेतलेली वस्तू अखेर वजनावर विकली गेली. बाजाराचा निकाल असा निर्दय असतो.

व्हर्ननच्या पिवळ्या पदकांत आणि या चकचकीत चांदीच्या पदकांत फरक कोणता? पहिली पदके त्या घटनेच्या धगीत, तिच्या घाईत आणि तिच्या चुकांसह जन्मली. दुसरी पदके घटनेनंतर दीड-दोनशे वर्षांनी संग्राहकांसाठीच बनविली गेली. त्यांच्यावर विसाव्या शतकातील विक्रीकलेचा पुरावा आहे. ज्या युद्धाचे चित्र त्यांवर आहे त्याचा नाही. संग्राहकाने विकत घेण्यापूर्वी हा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी पुष्कळ पैसे वाचतील.

याच काळात जुना, दखल न घेतलेल्यांचा प्रश्नही नव्याने उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बाँबफेक करणाऱ्या ब्रिटिश दलाचे ५५,००० हून अधिक वैमानिक व सहकारी मारले गेले. पण त्या दलाला स्वतंत्र मोहीमपदक मिळाले नाही. जर्मन शहरांवरील बाँबफेकीविषयी युद्धोत्तर काळात जी नैतिक अस्वस्थता निर्माण झाली तिची छाया या उपेक्षेवर होती. उत्तर ध्रुवसमुद्रातून रशियाला रसद पोहोचविणाऱ्या खलाशांचीही अशीच तक्रार होती. १९८० च्या दशकात खासगी उत्पादकांनी अशा उपेक्षितांसाठी स्मरणपदके काढली आणि वृद्ध सैनिकांनी ती स्वतःच्या पैशांनी विकत घेतली. सरकारने २०१३ मध्ये ध्रुवसमुद्रातील खलाशांना तारा आणि बाँबफेकी दलाला पदकाच्या फितीवरील पट्टी दिली. म्हणजे युद्ध संपल्यावर ६८ वर्षांनी.

या पदकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सन्मान विकत घेता आला तर सन्मानाला अर्थ काय? आक्षेप बिनतोड आहे. पैसे भरून कोणीही घेऊ शकतो ते पदक अधिकृत पदकांच्या रांगेत छातीवर लावणे म्हणजे ज्याने ते रक्त सांडून मिळविले त्याचा अवमान आहे, आणि लष्करी गणवेशावर अशी पदके वर्ज्य असतात ते योग्यच आहे. पण आक्षेपाचा दुसरा भागही पाहिला पाहिजे. सन्मानाची मक्तेदारी राज्याकडे आहे, आणि कोणत्याही मक्तेदाराप्रमाणे राज्यही पुरवठ्यात हात आखडते, उशीर करते, सोयीची गिऱ्हाइके निवडते. जिथे अधिकृत पुरवठा थांबतो तिथे समांतर बाजार उभा राहतो, हे धान्याला लागू आहे तसे मानचिन्हालाही लागू आहे. वृद्ध खलाशाने विकत घेतलेले पदक त्याच्या शौर्याचा पुरावा म्हणून कमी पडेल. पण त्याच्या सरकारने काय केले नाही, याचा तो पक्का पुरावा आहे. समांतर बाजाराला नुसती नावे ठेवण्यापेक्षा मक्तेदाराने आपला पुरवठा वेळेवर करावा, हेच या रोगावरचे औषध आहे.

आपल्याकडे नाणेसंग्रहाची परंपरा चांगली रुजलेली आहे. शिवराईचा एकेक प्रकार ओळखणारे जाणकार तालुक्याच्या गावीही भेटतात. युद्धस्मरणाच्या वस्तूंकडे मात्र तितक्या डोळसपणे पाहिले जात नाही. घरातल्या पेटीत आजोबांचे एखादे पदक सापडले की ते सरकारी आहे की खासगी, मूळ आहे की नक्कल, याची चौकशी न करता एकतर ते देव्हाऱ्यात जाते किंवा मोडीत जाते. शंभर वर्षांवरील वस्तूंना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे नियम लागू होऊ शकतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. अशा वस्तूची नोंद करावी, तिच्यासोबतचा कागद, पेटी, फीत वेगळी करू नये, ती कोणाकडून आली हे तिच्याजवळ लिहून ठेवावे. एवढे केले तरी पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम होते. शाळा-महाविद्यालयांच्या छोट्या संग्रहालयांनी हे काम अंगावर घेण्यासारखे आहे, कारण त्याला पैशांपेक्षा नेटकेपणाच अधिक लागतो.

युद्धाचा इतिहास जिंकणारे लिहितात असे म्हटले जाते. खासगी पदकांचा इतिहास पाहिला की त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. त्या इतिहासाचा बराच भाग युद्धात कधीच न उतरलेल्या, पण त्याची बातमी विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या माणसांनी लिहिलेला आहे. न पडलेल्या कार्ताहेनाचे विजयपदक आणि चुकलेल्या तारखेचे लुसिटानियाचे पदक ही त्याची दोन पाने आहेत. आजच्या काळात अशी चकती पाडण्याचीही गरज उरलेली नाही. अपुरी बातमी क्षणात लक्षावधींच्या हाती पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी पुसलीही जाते. धातूवर कोरलेले असत्य निदान पुसता येत नाही. ते तपासण्यासाठी शिल्लक राहते, आणि संग्राहकाने ते तसेच, पत्रकासह, शिल्लक ठेवले पाहिजे.